रक्कम बरोबर, बिल चुकीचं! ग्राहकाला दिसणारं पान कोण तपासतंय?



आजचा विषय थोडा टेक्निकल आहे. पण लगेच पान बंद करू नका, कारण यात अडकतात ते पैसे तुमचे असतात, प्रोग्रामरचे नाही.

आपल्या बॅचमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातले एक फरसाणवाले आहेत. दोघे भाऊ, छोटा कारखाना, साठेक डीलर. पॅकबंद शेव, चिवडा, फरसाण. ऑर्डर आणि बिलिंगसाठी त्यांनी ओळखीतल्या दोन मुलांकडून एक वेब ॲप करून घेतलंय, जँगो नावाच्या फ्रेमवर्कवर. ॲप चांगलं आहे, मी स्वतः बघितलंय. मुलंही शिस्तीची आहेत, टेस्ट लिहितात. छोट्या कामात टेस्ट लिहिणारे किती जण सापडतात हे तुम्हाला माहीतच आहे.

२२ सप्टेंबर २०२५ आठवतोय? घटस्थापनेचा दिवस. त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि पॅकबंद नमकीन १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. पुढे दसरा, त्यापुढे दिवाळी, म्हणजे फरसाणवाल्याचा सगळ्यात मोठा सीझन. मुलांनी आदल्या रात्री बसून दरांच्या तक्त्यात १२ चं ५ केलं, टेस्ट चालवल्या. तेवीसच्या तेवीस हिरव्या. निवांत झोपायला गेली.

तिसऱ्या दिवशी सांगलीच्या एका डीलरच्या अकाउंटंटचा फोन आला.

"शेठ, दहा हजारांच्या मालावर सीजीएसटी ६ टक्के असं लिहिलंय आणि रक्कम लावलीय २५०. सहा टक्क्यांचे सहाशे होतात. आता तुमचं लिहिलेलं खरं धरू, का रक्कम खरी धरू?"

झालं काय होतं? हिशोब नव्या दराने बरोबर होत होता. २५० सीजीएसटी, २५० एसजीएसटी, एकूण १०,५००. पण बिलाच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे बिलाचा जो साचा असतो त्यात, रकान्याच्या वर "सीजीएसटी ६%" हे अक्षरं टाइप करून ठेवलेलं होतं. कधीतरी सुरुवातीला घाईत लिहिलेलं. तक्ता बदलला, साचा तसाच राहिला.

तोवर एक्केचाळीस बिलं गेली होती. सीएंना विचारून ती सगळी रद्द केली, नवीन काढली, प्रत्येक डीलरला फोन केला. दोन मोठ्या डीलरनी "बिल नीट करा, मग बघू" म्हणून पेमेंट थांबवलं. आणि तेल-बेसनवाला ऐन सीझनमध्ये उधारीवर थांबतो होय? धाकट्या भावाने घरातलं सोनं ठेवून तो आठवडा काढला.

आणि या सगळ्यात तेवीस टेस्ट हिरव्याच होत्या, बरं का!

माझं मत

सरळ सांगतो. ज्या सॉफ्टवेअरची टेस्ट ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या पानापर्यंत पोचत नाही, ती टेस्ट अर्धी आहे. आणि त्या पानावर काय तपासायचं हे ठरवणं प्रोग्रामरचं काम नाही. ते मालकाचं काम आहे.

पहिली गोष्ट प्रोग्रामर मित्रांना पटवायची आहे, दुसरी तुम्हाला. दोन्ही एकेक करून बघू.

हिरव्या टेस्ट नक्की काय तपासत होत्या?

मी त्या मुलांबरोबर बसून तेवीस टेस्ट वाचल्या. अठरा टेस्ट हिशोबाच्या होत्या: एवढा माल, एवढा दर, एवढा कर. उत्तम. चार टेस्ट लॉगिन आणि परवानग्यांच्या. आणि बिलाच्या पानाची टेस्ट एकच. ती दोन गोष्टी विचारत होती. पान उघडलं का, म्हणजे सर्व्हरने २०० हा "सगळं ठीक" वाला कोड दिला का? आणि बिलाचाच साचा वापरला गेला का?

आता हे आपल्या भाषेत बघा. तुम्ही ऑफिसातल्या मुलाला विचारलं, "पत्र तयार झालं का रे?" तो म्हणाला, "हो शेठ, आपल्याच लेटरहेडवर काढलंय." पत्रात काय लिहिलंय ते त्याने वाचलेलंच नाही. "साचा वापरला गेला का" ही टेस्ट एवढंच सांगते.

रेल्स या दुसऱ्या मोठ्या फ्रेमवर्कमध्ये असाच प्रकार होता. कुठला साचा वापरला आणि साच्याकडे कुठली माहिती पाठवली, हे तपासायच्या सोयी तिथे सुरुवातीपासून हाताशी होत्या. २०१६ साली पाचव्या आवृत्तीत त्या मुख्य गाभ्यातून काढून वेगळ्या ठेवल्या. कारण सोपं होतं: आत कुठली पाटी वापरली याला महत्त्व नाही, बाहेर काय आलं याला आहे. मला हा निर्णय शंभर टक्के पटतो.

साचा गप्प बसतो, हा खरा धोका

हिशोबाच्या कोडमध्ये चूक झाली तर बहुतेक वेळा तो ओरडतो. लाल एरर येते, काम थांबतं. साच्याचा स्वभाव वेगळा असतो.

जँगोमध्ये साच्यात "ग्राहकाचा जीएसटी नंबर इथे छाप" असं लिहिलंय, आणि आत कोणीतरी त्या रकान्याचं नाव बदललं, तर काय होतं? काहीच होत नाही. एरर नाही, इशारा नाही. त्या जागी रिकामं छापलं जातं आणि पान छान उघडतं. २०० कोड येतो. ही जँगोची चूक नाही, मुद्दाम तसं केलंय, म्हणजे एका छोट्या गोष्टीपायी अख्खी वेबसाइट बंद पडू नये. बातम्यांच्या साइटला ते चालतं. बिलाला कसं चालेल? ग्राहक नोंदणीकृत असेल तर त्याचा जीएसटी नंबर बिलावर असायलाच हवा, कराचा दर आणि रक्कमही हवी. जीएसटीच्या नियम ४६ मध्येच ते दिलंय.

रिकाम्या जागेऐवजी काहीतरी ठळक खूण छापायची सेटिंग जँगोमध्ये आहे. पण ती फक्त चूक शोधताना तात्पुरती वापरा असं जँगोची माणसं स्वतःच सांगतात, कारण काही तयार साचे या गप्प बसण्यावरच अवलंबून असतात. म्हणजे कायमचा उपाय तो नाही. तयार झालेलं पान वाचणारी टेस्ट हाच उपाय.

लाराव्हेलवाले म्हणतील, "आमच्याकडे नसलेली गोष्ट छापायला गेलं की एरर येते." बरोबर आहे. पण मग ती एरर घालवायला दोन प्रश्नचिन्हं टाकून "नसेल तर रिकामं ठेव" असं कोण लिहितं? तुम्हीच ना! ओरडणाऱ्याचं तोंड आपणच दाबतो.

तीन आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतात

पहिला: "सर, डिझाइन रोज बदलतं. पानाच्या टेस्ट लिहिल्या तर रोज तुटतील."

तुटतात, कारण त्या चुकीच्या गोष्टीवर लिहिलेल्या असतात. अख्ख्या पानाचा फोटो काढून ठेवल्यासारखं सगळं एचटीएमएल साठवायचं आणि रोज तुलना करायची, हा प्रकार काही जण करतात. मग बटण निळ्याचं हिरवं झालं तरी टेस्ट लाल. चार वेळा असं झालं की पोरगा न बघताच "नवीन फोटो मान्य" करतो. आणि पाचव्या वेळी बिलातला दर चुकलेला असतो, तोही तसाच मान्य होतो.

रंग, फॉन्ट, रकान्याची रुंदी यांची टेस्ट लिहू नका. ज्या चुकीसाठी ग्राहक फोन उचलेल, तेवढ्याचीच लिहा. "आयजीएसटी ५%" हे शब्द डिझाइन बदललं म्हणून बदलत नाहीत.

दुसरा: "साच्यात लॉजिक ठेवायचंच नसतं. मग तपासायचं काय?"

तत्त्व चांगलं आहे. पण आपल्या फरसाणवाल्याच्या साच्यात लॉजिक नव्हतंच. साधे टाइप केलेले शब्द होते, आणि तेच चुकले. शिवाय खऱ्या आयुष्यात "महाराष्ट्रातला ग्राहक असेल तर दोन रकाने, बाहेरचा असेल तर एक" ही अट कुठे सापडते? साच्यात. "बिल रद्द असेल तर शिक्का दाखव" ही अट कुठे? साच्यात. तत्त्व पुस्तकात असतं, डेडलाइन दारात असते.

तिसरा: "आम्ही डोळ्यांनी बघतोच की."

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. डोळ्यांनी बघायलाच हवं. पण तुम्ही कुठलं बिल बघता? एक ग्राहक, कोल्हापूरचाच, दोन वस्तू, साधी रक्कम. निपाणीच्या ग्राहकाचं बिल बघता? कोल्हापूरहून तासाभरावर आहे निपाणी, पण ती कर्नाटकात, म्हणजे तिथे सीजीएसटी-एसजीएसटी नाही, आयजीएसटी लागतो. रद्द केलेलं बिल बघता? दोन पानांवर जाणारं बिल? आणि दर बदलाच्या आदल्या रात्री साडेअकरा वाजता यातलं कोणीही काहीही बघत नाही. टेस्ट मात्र तेव्हाही तितक्याच मन लावून बघते.

पहिली टेस्ट लिहिली, आणि फसलो

आता आमची फजिती सांगतो, कारण यात शिकण्यासारखं आहे.

जँगोमध्ये ब्राउझर न उघडताच पान मागवायची सोय आहे, तिला टेस्ट क्लायंट म्हणतात. आलेल्या पानात अमुक मजकूर आहे का, किती वेळा आहे, हे विचारता येतं. नाव आहे असर्ट-कंटेन्स. नसावा असा मजकूर नाही ना, हे विचारायला असर्ट-नॉट-कंटेन्स. मुलांनी निपाणीच्या ग्राहकाचं बिल मागवलं आणि विचारलं, "यात ५% आहे का?"

टेस्ट हिरवी. मुलं खूश. मी म्हटलं, "थांबा. जुना, चुकीचा साचा परत लावा आणि हीच टेस्ट चालवा."

तरीही हिरवी!

बिलाच्या तळाला अटी होत्या: "मुदतीनंतर १५% व्याज आकारले जाईल." त्या १५% मध्ये ५% दडलेलं. टेस्टने ते उचललं आणि पास केलं.

यातून दोन नियम घ्या. एक, आकडा एकटा शोधू नका, त्याच्या नावासकट शोधा: "आयजीएसटी ५%". दोन, कुठलीही पानाची टेस्ट आधी लाल झालेली बघा. चुकीच्या पानावर लाल होत नसेल तर ती टेस्ट नाही, शोभेची वस्तू आहे.

मग मोठ्या भावाने एक प्रश्न विचारला

मुलांनी साचा दुरुस्त केला. टाइप केलेला दर काढला आणि त्या जागी तक्त्यातला चालू दर छापायला लावला. आता तक्ता बदलला की बिल आपोआप बदलणार. मला पण बरं वाटलं.

मोठा भाऊ मागे खुर्चीवर बसून ऐकत होता. संगणकातलं त्याला फार कळत नाही. तो म्हणाला, "मग ऑगस्टचं एखादं बिल हरवलं म्हणून डीलरने परत मागितलं, तर?"

सगळे गप्प.

ऑगस्टच्या बिलावर रक्कम १२ टक्क्यांची आहे, आणि ती तशीच राहायला हवी. पण नव्या साच्याने ते बिल परत छापलं असतं तर वर ५% आणि खाली १२ टक्क्यांची रक्कम आली असती. म्हणजे तीच चूक, उलट्या बाजूने! बरोबर उपाय असा: बिल काढताना त्या दिवशीचा दर बिलाबरोबरच साठवायचा आणि साच्याने तो छापायचा, आजचा तक्ता बघायचाच नाही.

हा प्रश्न दोन्ही मुलांना सुचला नाही, मला सुचला नाही. ज्याला डीलरचे फोन येतात त्याला सुचला. म्हणून मी म्हणतो, काय तपासायचं ते मालकाने सांगायचं.

मालकाने लिहायची वाक्यं

त्या दुपारी मोठ्या भावाने साध्या वहीत वाक्यं लिहिली, मुलांनी एकेका वाक्याची एकेक टेस्ट केली. वाक्यं अशी:

१. निपाणीच्या ग्राहकाच्या बिलावर "आयजीएसटी ५%" दिसलं पाहिजे. सीजीएसटी, एसजीएसटी हे शब्द दिसता कामा नयेत.

२. कोल्हापूरच्या ग्राहकाच्या बिलावर "सीजीएसटी २.५%" आणि "एसजीएसटी २.५%" एकेकदा. आयजीएसटी नाही.

३. नोंदणीकृत ग्राहकाचा जीएसटी नंबर पूर्ण, पंधराच्या पंधरा अक्षरं.

४. सव्वा लाखाच्या मालाचं एकूण "१,३१,२५०" असंच, आपल्या पद्धतीने स्वल्पविराम.

५. रद्द बिलावर "रद्द" असं लिहिलेलं पाहिजे, आणि पैसे भरायचा क्यूआर कोड नको.

६. ऑगस्ट २०२५ चं बिल आज छापलं तरी त्यावर जुनाच दर.

बघा, यात एकही टेक्निकल शब्द नाही. आणि निम्मी वाक्यं "काय नको" ते सांगतात. ही बाजू प्रोग्रामर नेहमी विसरतो, कारण त्याला काय दाखवायचं एवढंच सांगितलेलं असतं.

प्रोग्रामर मित्रांसाठी चार खड्डे

हा भाग तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला फॉरवर्ड करा.

अपेक्षित उत्तर हाताने लिहा. टेस्टमध्येही दर त्याच तक्त्यातून उचलला, तर तक्ता चुकला की दोघं मिळून चुकतील आणि टेस्ट हिरवीच राहील. टेस्टमध्ये "५%" असं स्वच्छ लिहा. उद्या दर बदलला तर टेस्ट तुटेल. तुटू दे! तेव्हाच कोणीतरी मालकाला फोन करून विचारेल.

नावातली चिन्हं. आपल्याकडे फर्मच्या नावात "&" असतोच, आणि वसई-गोव्याकडच्या डि'सोझांच्या नावात अपॉस्ट्रॉफी. सुरक्षेसाठी साचा ही चिन्हं सांकेतिक रूपात छापतो, ब्राउझर ती परत नीट दाखवतो. त्यामुळे जँगोच्या टेस्टमध्ये नाव जसंच्या तसं शोधलं तर "सापडलं नाही" असं उत्तर येतं, पान बरोबर असूनही. लाराव्हेलची असर्ट-सी ही सोय हे रूपांतर आपणहून करून शोधते. जँगोमध्ये असर्ट-कंटेन्सला एचटीएमएल म्हणून तुलना करायला सांगता येतं. मग रकान्याचा पूर्ण खण द्या. यात मोकळ्या जागा आणि नव्या ओळींचा त्रासही जातो. आणि एक टेस्ट उलट बाजूची पण ठेवा: बिलावर "&" च्या पुढे "एएमपी" छापलेलं नको. तसं दिसलं तर रूपांतर दोनदा झालंय. असलं बिल तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी बघितलं असेल.

हजारावी ऑर्डर. आकड्यांत स्वल्पविराम टाकायची सेटिंग जँगोमध्ये आहे, आणि लाख-कोटीच्या पद्धतीसाठी आधी तीन, मग दोन-दोन असे गटही सांगता येतात. पण ही सेटिंग चालू केली की साच्यात छापलेल्या प्रत्येक आकड्याला ती लागते, ऑर्डरच्या आतल्या क्रमांकालासुद्धा. हाताने लिहिलेल्या लिंकमध्ये तो क्रमांक असेल तर ९९९ पर्यंत सगळं छान चालतं. हजाराव्या ऑर्डरला लिंकमध्ये "१,०००" पडतं आणि लिंक मोडते. टेस्टच्या डेटाबेसमध्ये कधी पाचच्या वर ऑर्डर नसतात, त्यामुळे कोणाला कळतच नाही. उपाय दोन: लिंक जँगोच्या यूआरएल टॅगने करा, आणि टेस्टमध्ये एक ऑर्डर मुद्दाम हजारावरच्या क्रमांकाची ठेवा.

ईमेल पण पानच आहे. बिल ईमेलने जातं, तेही साच्यातूनच. टेस्ट चालू असताना जँगो खरी ईमेल पाठवत नाही, एका आउटबॉक्समध्ये जमा करतो. तो उघडून वाचा. विषयात बिल नंबर आहे का? "प्रिय" च्या पुढे नाव आहे का, की "प्रिय ," असं रिकामंच?

आणि टेस्टवर आंधळा विश्वास पण नको

मी टेस्टचा भक्त नाही. टेस्ट क्लायंट एचटीएमएल वाचतो, जावास्क्रिप्ट चालवत नाही. तुमच्या पानावर एकूण रक्कम जावास्क्रिप्ट काढत असेल, तर ही टेस्ट ती बघणार नाही. प्रिंटरवर शेवटची ओळ कापली जाते का, हेही तिला कळत नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा खरी प्रिंट काढा आणि ज्याने ॲप केलं नाही अशा माणसाला वाचायला द्या. घरातल्या आईला द्या, कामावरच्या मामांना द्या. "यात मला किती पैसे द्यायचेत?" एवढं त्यांना दहा सेकंदांत सापडलं पाहिजे.

आणि सगळ्या पानांच्या टेस्ट लिहित बसू नका. "आमच्याबद्दल" या पानावर शुद्धलेखनाची चूक राहिली तर कोणाचं सोनं गहाण पडत नाही. बिल, ऑर्डरची खात्री, थकबाकीचं पत्र, पैसे मिळाल्याची पावती. ज्या पानांवरून पैसा हलतो तेवढी पानं धरा. बहुतेक छोट्या धंद्यात ती चार-पाचच असतात. आमची सहा वाक्यं आणि सहा टेस्ट एका दुपारी झाल्या, चहाच्या दोन फेऱ्यांसकट.

खर्चाचं बोलू

काही जण विचारतील, "याचे सॉफ्टवेअरवाला वेगळे पैसे लावेल ना?" लावेल, आणि लावायलाच पाहिजेत. एका दुपारचं काम फुकट मागू नका. आपण कारखान्यात पाकिटाचं वजन तपासायला काटा ठेवतोच की. तो काटा कोणी फुकट दिला का? पाकिटावर २०० ग्रॅम लिहिलंय आणि आत १८० निघालं तर काय होतं ते फरसाणवाल्याला सांगावं लागत नाही. बिलाचंही तसंच आहे. वर लिहिलंय ते आणि आत आहे ते जुळलं पाहिजे.

सॉफ्टवेअरवाल्या मित्रांनो, तुम्हालाही सांगतो. "टेस्ट लिहिल्यात" असं कोटेशनमध्ये लिहून मालकाला काही कळत नाही. त्याऐवजी त्याच्याकडून सहा वाक्यं घ्या, तीच वाक्यं टेस्टच्या नावात ठेवा आणि हिरवी यादी त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा. "निपाणीच्या बिलावर आयजीएसटी ५%: पास." हे तो वाचेल, समजेल आणि त्याचे पैसे पण देईल.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या ॲपमधून गेलेलं शेवटचं बिल काढा. पेन घ्या. त्यावर काय दिसलंच पाहिजे अशी तीन वाक्यं आणि काय दिसता कामा नये अशी तीन वाक्यं लिहा. मग सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावा आणि एवढंच विचारा, "यातलं प्रत्येक वाक्य तपासणारी टेस्ट आपल्याकडे आहे का? असेल तर साचा मुद्दाम बिघडवून ती लाल होताना मला दाखव."

फरसाणवाल्यांचं पुढे काय झालं? सांगलीचा डीलर टिकला. धाकट्याचं सोनं दिवाळीनंतर सुटलं. आणि मोठ्या भावाची वही आता बिलिंगच्या टेबलावरच असते. परवा गेलो तेव्हा त्यात सातवं वाक्य होतं: "बिलाच्या दुसऱ्या पानावर पण आपला फोन नंबर पाहिजे."

मुलांनी त्याची टेस्ट केली होती. आधी लाल करून दाखवली, मग हिरवी.

भेटूया पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत सहा वाक्यं लिहा!